एकाच खोलीतले दोन संगणक एकमेकांना दिसेनात? फायरवॉल बंद करण्याआधी हे सहा मुद्दे तपासा

गावोगावच्या सेवा केंद्रांत, दूध संकलन केंद्रांत, शाळांत आणि पतसंस्थांत आता एकाऐवजी दोन-तीन संगणक आलेत. प्रिंटर मात्र बहुतेक ठिकाणी एकच, तोही एका संगणकाला वायरने जोडलेला. दुसऱ्या संगणकावर भरलेला फॉर्म छापायचा तर दोन्ही संगणक आपसांत जोडलेले लागतात. सगळं सुरळीत चाललेलं असतं, आणि एक दिवस विंडोज अपडेट होतं किंवा नवा राउटर बसतो, की 'नेटवर्क'मध्ये पलीकडचा संगणक दिसेनासा होतो. पीक विम्याची मुदत संपत आलेली असते, दारात रांग असते आणि पेनड्राइव्ह इकडून तिकडे फिरवायची वेळ येते.

अशा घाईत सर्रास केला जाणारा इलाज म्हणजे फायरवॉल बंद करणे. त्याने कधी कधी संगणक दिसायला लागतोही. पण त्याच संगणकात गावातल्या लोकांची आधार कार्डं, पासबुकं आणि उतारे स्कॅन करून ठेवलेले असतात. दार उघडेना म्हणून भिंतच पाडावी, तसा हा प्रकार आहे. खरं तर बहुतेक वेळा संगणक बिघडलेला नसतो, एखादी सेटिंग बदललेली असते. ती ओळीने तपासली तर अर्ध्या तासात काम होते.

संगणक 'दिसतो' म्हणजे नेमकं काय?

नेटवर्कवरचा प्रत्येक संगणक आपणहून दवंडी देतो, 'मी इथं आहे, माझं नाव अमुक.' बाकीचे संगणक ती ऐकतात आणि यादीत त्याचं नाव दाखवतात. दवंडी देणारा गप्प बसला, ऐकणाऱ्याने कान बंद केले किंवा दोघं वेगवेगळ्या गावांत असले, तर नाव दिसणार नाही. म्हणून तपासणी नेहमी दोन्ही संगणकांवर करायची, एकावर नाही.

१) दोन्ही संगणक खरंच एकाच नेटवर्कवर आहेत का?

सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' उघडा. वाय-फाय असेल तर वाय-फाय, वायर असेल तर 'इथरनेट' निवडा आणि 'प्रॉपर्टीज'मध्ये जा. तिथे 'आयपीव्ही४ ॲड्रेस' लिहिलेला असतो. समजा, एका संगणकावर १९२.१६८.१.५ आहे आणि दुसऱ्यावर १९२.१६८.१.८ आहे. घरगुती राउटरवर पहिले तीन आकडे सारखे असले म्हणजे दोघं एकाच नेटवर्कवर आहेत.

एकावर १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्यावर १९२.१६८.०.७ असेल, तर गडबड इथेच आहे. फायबरचा नवा राउटर आला आणि जुनाही त्याच्यापुढे जोडून ठेवला, की असं होतं. दोन्ही संगणक एकाच राउटरला जोडा. एक संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आणि दुसरा राउटरवर असेल तरीही ते एकमेकांना दिसणार नाहीत. 'गेस्ट' नावाच्या वाय-फायवर जोडलेला संगणकही सहसा इतरांपासून तोडलेला असतो. आकडा १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. वायर नीट बसवा, राउटर बंद करून पुन्हा चालू करा.

२) पलीकडचा संगणक झोपलाय का?

काही वेळ हात लावला नाही की संगणक 'स्लीप'मध्ये जातो आणि यादीतून गायब होतो. ज्याला प्रिंटर जोडलाय, त्या संगणकावर 'पॉवर' सेटिंगमध्ये जाऊन स्लीप 'नेव्हर' करा. स्क्रीन बंद झाली तरी चालते, संगणक झोपायला नको.

३) 'पब्लिक' की 'प्रायव्हेट'?

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. नवीन वाय-फाय जोडला की विंडोज त्याला सहसा 'पब्लिक' समजतं, म्हणजे बसस्थानकावरचं अनोळखी नेटवर्क. अशा ठिकाणी ते संगणकाला लपवून ठेवतं. विंडोज ११ मध्ये तर पब्लिकच्या शेजारी 'रेकमेंडेड' असंही लिहिलेलं असतं, त्यामुळे ते बदलायला लोक धजत नाहीत. राउटर बदलला की हेच पुन्हा घडतं, कारण विंडोजच्या लेखी ते नवं नेटवर्क असतं.

मघाशी आयपी पाहिला त्याच पानावर 'नेटवर्क प्रोफाइल' आहे. आपल्या स्वतःच्या कार्यालयाचं नेटवर्क असेल तर दोन्ही संगणकांवर 'प्रायव्हेट' करा. बाहेर दुसऱ्याच्या वाय-फायवर मात्र 'पब्लिक'च ठेवा.

४) दवंडीला परवानगी दिली का?

विंडोज ११ मध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग 'ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज', मग 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज' असं जा. विंडोज १० मध्ये हेच कंट्रोल पॅनेलच्या 'नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर'मध्ये मिळेल. 'प्रायव्हेट'खाली 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' ही दोन्ही बटणं चालू करा. 'पब्लिक'खालची बंदच राहू द्या.

अँटिव्हायरससोबत वेगळी फायरवॉल येत असेल तर तिच्यातही हे नेटवर्क 'होम' किंवा 'ट्रस्टेड' म्हणून नोंदवावं लागतं.

५) नाव दिसत नसेल तर थेट पत्त्यावर जा

दिसणं आणि पोहोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दवंडी ऐकू आली नाही तरी घर माहीत असेल तर जाता येतंच. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत दोन उलट्या तिरक्या रेघा (\\) आणि त्याला चिकटून पलीकडच्या संगणकाचा आयपी पत्ता टाका. आकडे इंग्रजीच टाकायचे. मग एंटर दाबा.

फोल्डर आणि प्रिंटर दिसले तर जोडणी ठीक आहे, फक्त यादीचा प्रश्न आहे. अशा वेळी न दिसणाऱ्या संगणकावर 'सर्व्हिसेस' उघडा. 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ही सर्व्हिस चालू करून तिचा प्रकार 'ऑटोमॅटिक' करा. दवंडी देण्याचं काम तीच करते. तिच्या शेजारची 'फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट' ही ऐकणारी सर्व्हिस आहे, ती दुसऱ्या संगणकावर चालू आहे का ते बघा.

दोन्ही संगणकांचं नाव एकच तर नाही ना, हेही पाहून घ्या. एकाच कॉपीवरून विंडोज टाकलेलं असेल तर असं होऊ शकतं.

६) दिसतो, पण पासवर्ड घेत नाही

इथे विंडोज सुरू करताना टाकतो तो चार आकडी पिन चालत नाही. पलीकडच्या संगणकावरच्या खात्याचं नाव आणि खरा पासवर्ड लागतो. त्या खात्याला पासवर्डच नसेल तर विंडोज नेटवर्कवरून आत येऊ देत नाही. सोपा उपाय म्हणजे ज्या संगणकावर फोल्डर आहे तिथे शेअरिंगसाठी एक वेगळं खातं उघडा, त्याला पासवर्ड द्या आणि फोल्डर फक्त त्या खात्याला शेअर करा.

या गोष्टी करू नका

फायरवॉल कायमची बंद ठेवू नका. वरची सेटिंग बरोबर असेल तर विंडोजची फायरवॉल चालू असतानाही शेअरिंग व्यवस्थित चालतं.

'एसएमबी १' चालू करा, असा सल्ला अजूनही दिला जातो. फायली देण्याघेण्याची ही जुनी पद्धत आहे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर व्हायरस याच पद्धतीतल्या त्रुटीतून जगभर पसरला आणि दोन लाखांहून जास्त संगणकांतल्या फायलींना त्याने कुलूप लावलं. त्याच वर्षीपासून विंडोज १० च्या नव्या आवृत्तीत ही पद्धत मुळातच बंद ठेवलेली असते. विंडोज १० चा नियमित मोफत सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, तेव्हा अशा संगणकावर तर जास्त जपून राहा.

पूर्ण सी ड्राइव्ह शेअर करू नका. 'एव्हरीवन' निवडून पासवर्ड काढून टाकू नका. आणि केंद्रात आलेल्या ग्राहकांना काउंटरवरच्याच वाय-फायचा पासवर्ड देऊ नका, नाहीतर त्यांचे मोबाइलही तुमच्या संगणकांच्या नेटवर्कवर येतात. द्यायचाच असेल तर राउटरमधला 'गेस्ट' वाय-फाय द्या.

कागद देणाऱ्यांनीही विचारावं

आपलं आधार किंवा पासबुक स्कॅन करून घेतलं जातं तेव्हा काम झाल्यावर ती फाइल काढून टाकायला सांगण्यात काहीच गैर नाही. डेस्कटॉपवर सगळ्या गावाच्या फायली उघड्या पडलेल्या दिसल्या तर केंद्रचालकाच्या लक्षात आणून द्या.

सगळं जुळलं की दोन्ही संगणकांची नावं, आयपी पत्ते आणि बदललेल्या सेटिंग्ज एका वहीत लिहून ठेवा. आयपी पत्ता अधूनमधून बदलू शकतो. राउटरमध्ये त्या संगणकासाठी पत्ता राखून ठेवण्याची सोय असते, तंत्रज्ञ आला की तेवढं करून घ्या.