एकत्र कुटुंबाचा ऱ्हास : एका रूढ समजुतीची तपासणी

‘पूर्वी कुटुंबे एकत्र होती, शहरे वाढली आणि ती मोडली’ हे विधान सुशिक्षितांच्या बोलण्यात इतक्या सहजपणे येते की, त्यास पुराव्याची अपेक्षा आहे असे कोणास वाटत नाही. समाजशास्त्राच्या अभ्यासकास मात्र येथे दोन प्रश्न दिसावयास हवेत : ‘पूर्वी’ म्हणजे केव्हा, आणि ‘एकत्र’ म्हणजे काय?

पहिल्या प्रश्नासंबंधी अ. म. शहा यांचे १९७३ साली प्रसिद्ध झालेले संशोधन उद्बोधक आहे. गुजरातेतील खेडा जिल्ह्यातल्या एका गावची १८२५ सालची घरवार नोंद त्यांनी अभ्यासली. त्या काळीही तेथे लहान व साध्या रचनेच्या घरांचेच प्राबल्य आढळले. यामागे मृत्युमानाचाही विचार करावा लागतो. भारतातील सरासरी आयुर्मान १९४१–५१ च्या दशकातही सुमारे ३२ वर्षेच होते. बालमृत्यूंमुळे ही सरासरी खाली येते हे खरे. तथापि विवाहित पुत्रांसह दीर्घकाळ नांदण्याइतके आयुष्य अनेक पित्यांना लाभत नसे. एकत्र कुटुंबाचा आदर्श सर्वमान्य असला, तरी तो सर्वांस साध्य नव्हता.

दुसरा प्रश्न आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातील महुवा येथील ४२३ कुटुंबांच्या पाहणीत हाताळला. ती १९६४ साली प्रसिद्ध झाली. केवळ सहवासावरून पाहता विभक्त घरे अधिक भरली. परंतु मालमत्ता व परस्पर कर्तव्ये यांचे संबंध तपासता सर्वस्वी विभक्त कुटुंबे सुमारे ५ टक्केच निघाली. गावी मनिऑर्डर धाडणारा मुंबईचा गिरणीकामगार जनगणनेत वेगळ्या घरातला ठरे, कारण तेथे घर ओळखले जाते ते सामाईक स्वयंपाकावरून. गावचे घर मात्र त्याच्याच कमाईवर चाले.

एक गाव व एक नगर म्हणजे सारा भारत नव्हे. प्रदेश व जाती यांनुसार कुटुंबरचना बदलते. परंतु प्रचलित समजुतीचे परिणाम दूरगामी आहेत. पूर्वीची कुटुंबे वृद्धांना आपोआप सांभाळीत असे गृहीत धरले की, आजची उपेक्षा हा केवळ मुलासुनांचा नैतिक दोष ठरतो. इतक्या संख्येने व इतकी वर्षे जगणाऱ्या वृद्धांचा भार कुटुंबसंस्थेवर पूर्वी कधी पडलाच नव्हता, ही गोष्ट त्यामुळे दृष्टीआड होते आणि निवृत्तिवेतन व शुश्रूषा यांविषयीचे सार्वजनिक दायित्वही.

म्हणून पाहणीची प्रश्नावली आखताना ‘एकत्र की विभक्त?’ असा एकच रकाना ठेवू नये. निवास, चूल, मालमत्ता आणि पैशाची देवघेव यांच्या नोंदी स्वतंत्रपणे घ्याव्यात.