छातीतली कळ : हार्ट अॅटॅक की महाधमनी?

सभासद बंधूंनो, आज ऊस बाजूला ठेवून आम्ही शरीरातल्या मुख्य पाटाबद्दल, महाधमनीबद्दल लिहीत आहोत. तिचा आतला थर फाटला की रक्त थरांमध्ये घुसते आणि भिंत उकलत जाते. पंपाच्या होजचे अस्तर सुटावे तसे. मुळाशी बहुधा अंगावर काढलेले ब्लडप्रेशर.

कळ एकदम येते. छातीत, नाहीतर पाठीत खवाट्यांच्या मधे, चिरल्यासारखी. दोन हातांचे प्रेशर वेगळे भरू शकते. कार्डिओग्राम मात्र साधाही निघतो! हार्ट अॅटॅक समजून गुठळी विरघळवणारे औषध दिले तर जिवावर बेतते. म्हणून "कळ पाठीतही आहे, प्रेशर आहे" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. खात्री होते ती शिरेतून औषध सोडून काढलेल्या सीटी स्कॅनने. हृदयालगत फाटले असेल तर तातडीने ऑपरेशन करून कृत्रिम नळी बसवतात. खाली असेल तर बहुधा औषधांनी प्रेशर उतरवून भागते, नाहीतर जांघेतून स्टेंट.

ही शस्त्रक्रिया १९५० च्या दशकात यशस्वी करणारे अमेरिकेतले डॉ. मायकेल डिबेकी यांनाच ३१ डिसेंबर २००५ ला, ९७ व्या वर्षी, ही कळ आली. फेब्रुवारी २००६ मध्ये ह्यूस्टनला सहकाऱ्यांनी ऑपरेशन केले. गृहस्थ २००८ पर्यंत जगले.