जुनी बोटमोटर पुन्हा सुरू करताना

पेठ वडगावच्या उत्तरेला वारणा आणि दक्षिणेला पंचगंगा. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांचाही टप्पा मागे टाकला. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि वडगावहून कोल्हापूर गाठणे अशक्य झाले. अशा वेळी भिस्त असते ती यांत्रिक बोटीवर. बोटीच्या मागे अडकवायची ही ‘आउटबोर्ड’ मोटर मात्र वर्षातील बहुतेक काळ कोपऱ्यात पडून राहते आणि नेमकी गरजेच्या वेळी दोरी ओढून हात दुखले तरी बोलत नाही.

ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेत बाजारात आणलेल्या मोटरीपासून या यंत्राची मूळ कल्पना फारशी बदललेली नाही. जुन्या मोटरी बहुधा टू-स्ट्रोक असतात. ज्यांनी राजदूत किंवा जुनी बजाज स्कूटर चालवली आहे, त्यांना त्यांचा स्वभाव ठाऊक आहे. अनेक वर्षे पडून राहिलेली मोटर क्वचितच खरोखर निकामी झालेली असते. बहुतेकदा बिघाड इंधनात किंवा ठिणगीत असतो.

तरीही आरंभी दोरीला हात लावू नये. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडावे आणि फ्लायव्हील हाताने हळू फिरवून पाहावे. ते अडत असेल तर तेल एक-दोन दिवस मुरू द्यावे. जोर केल्यास गंजलेली रिंग तुटते. फ्लायव्हील मोकळे फिरू लागले, की कॉम्प्रेशन मोजावे. दोन सिलिंडर असतील तर दोघांतील दाब जवळपास सारखा हवा.

यानंतर ठिणगी. नवा प्लग वायरला जोडून त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकवावा आणि दोरी ओढावी. पेट्रोल अर्थातच दूर ठेवावे. निळी, खणखणीत ठिणगी दिसली तर उत्तम. नसेल तर जुन्या मोटरींत फ्लायव्हीलखालच्या पॉइंटवर चढलेला थर हे नेहमीचे कारण. फ्लायव्हील पुलरनेच काढावे. हातोडीचा मोह महागात पडतो.

इंधनाची बाजू अधिक किचकट. टाकीतले जुने पेट्रोल फेकण्यालायकच समजावे. कार्बोरेटरमध्ये ते सुकून लाखेसारखे चिकटते आणि जेटची बारीक छिद्रे बुजतात. कार्बोरेटर सोडवून धुतल्याशिवाय गत्यंतर नाही. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. कोल्हापूरच्या ऊसपट्ट्याला त्याचा आनंद असणे स्वाभाविक आहे, परंतु जुन्या मोटरीला ते मानवत नाही. इथेनॉल जुने रबर खराब करते आणि हवेतील ओलावा शोषते. पाणी जास्त झाले, की ते इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. ऑईल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. तळातून ओढले जाणारे हे पाणीमिश्रित इंधन पिस्टनला वंगणाविना ठेवते. म्हणून नळ्या नव्या घालाव्यात आणि पेट्रोल ऐनवेळी, ताजे भरावे. ऑईलचे प्रमाण मोटरीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावे: ५०:१ असेल तर लिटरला २० मिलिलिटर, २५:१ असेल तर ४०.

एवढे केल्यावर मोटर बहुधा सुरू होते, आणि खरी चूक इथेच घडते. रस्त्यावरच्या इंजिनासारखी ही हवेने थंड होत नाही. पाण्याखालच्या भागातील रबरी इंपेलर नदीचे पाणी वर खेचतो, आणि पडून राहिल्याने त्याची पाती वाकून कडक झालेली असतात. तो न बदलता मोटर चालवली तर काही मिनिटांत इंजिन तापून जाम होते. उद्यमनगरात लेथवर बुश कातून मिळेल, रबरी इंपेलर मात्र मूळ मापाचाच हवा. काही जुन्या कंपन्या बंद पडल्या आहेत. एव्हिनरूडचे उत्पादन २०२० मध्ये थांबले. त्यामुळे मोटरीवरील मॉडेल क्रमांक टिपून सुटा भाग पावसाळ्यापूर्वीच मागवावा.

चाचणी पिंपात घ्यावी, पण उघड्यावर. धूर जीवघेणा असतो. पाणी पंपाच्या वर असावे. निदर्शक छिद्रातून पाण्याची धार आली नाही तर मोटर तत्काळ बंद करावी.

पिंपात चाललेली मोटर पुरात चालेलच असे नाही. बुडालेल्या उसात पंखा अडकतो, तेव्हा मऊ धातूची शिअर पिन तुटून गिअर वाचवते. तिच्या जागी खिळा ठोकणारे महाभाग आहेत. मग पुढच्या अडथळ्याला गिअरच जातो. बोटीत दोन जादा पिना, पक्कड आणि वल्ही असावीत. लाइफ जॅकेट घालून संथ पाण्यात, माणसांचा भार घेऊन निदान अर्धा तास मोटर चालवावी. गिअरचे तेल दुधाळ दिसले तर सील बदलावे.

शेवटी इंधननळी काढून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत मोटर चालू ठेवावी आणि पाणी निथळेपर्यंत ती उभीच ठेवावी. आडवी केली तर उरलेले पाणी सिलिंडरकडे उतरते.