फुरसुंगीचा बन्या आणि कारंज्याचे आपण

भा. रा. भागवतांचा (१९१०-२००१) ‘फास्टर फेणे’ आठवतो ना? बनेश फेणे मूळचा फुरसुंगीचा. शिकायला आला पुण्याच्या विद्याभवनात. अंगाने किडकिडीत, पण चौकस भारी! मोठ्या शाळेत आला म्हणून त्याने ‘ट्टॉक्’ करणं सोडलं नाही, की नको तिथे नाक खुपसणंही. त्यातूनच रहस्यं उलगडली, मित्र जोडले गेले.

आमच्या कारंजा लाडहून पूर्वी शकुंतला गाडी मुर्तिजापूरला जायची. मोठ्या शहरांची वाट तिथून पुढे. आज होस्टेलवर वऱ्हाडी बोललं की पोरं हसतात, मग आपण गप्प बसतो. बन्या गप्प बसला असता तर गोष्टच घडली नसती! जागा कुणी राखून ठेवत नाही, कामी पडलो की ती होते. तेव्हा बोला बिनधास्त!