जेव्हा पंचाच्या हातांची फुली होते...

टीव्हीवरच्या कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असतो, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण मोडणारी मान खरी असते आणि बंद पडणारे हृदयही खरेच असते. अशा वेळी रिंगमध्ये काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून वावरणाऱ्या पंचावर केवढी जबाबदारी येऊन पडते, याचा विचार सहसा कोणी करत नाही.

मेक्सिकोतील तिजुआना शहर. २० मार्च २०१५ ची रात्र. प्रेक्षागृह खचाखच भरलेले. रिंगमध्ये रे मिस्टेरियो आणि पेरो अग्वायो ज्युनियर हे दोन नामांकित मल्ल आपापल्या जोडीदारांसह झुंजत होते. मिस्टेरियोच्या एका लाथेनंतर ३५ वर्षांचा अग्वायो पुढे कोलमडला आणि रिंगच्या मधल्या दोरावर मान टाकून लोंबकळत राहिला.

प्रेक्षकांना त्यात वावगे काहीच वाटले नाही. कारण मिस्टेरियोचा '६१९' हा जगप्रसिद्ध डाव नेमका असाच होतो. प्रतिस्पर्धी मधल्या दोरावर ओणवा पडतो, मिस्टेरियो दोरांना धरून गरकन फिरतो आणि त्याच्या तोंडावर लाथ बसते. अग्वायो पडला तो नेमका त्याच स्थितीत! त्यामुळे पाहणाऱ्याला वाटावे, हा डावाची वाट पाहतो आहे. प्रत्यक्षात त्याच्या मानेला जबर इजा झाली होती.

लढत आणखी सुमारे दोन मिनिटे चालू राहिली. एका साथीदाराने त्याला हलवून पाहिले, पण प्रतिसाद आला नाही. डॉक्टर त्या वेळी आतल्या बाजूला दुसऱ्या जखमी मल्लांवर उपचार करीत होते. स्ट्रेचर हाताशी नव्हते, म्हणून अग्वायोला प्लायवूडच्या फळीवर घालून बाहेर नेण्यात आले. काही वेळातच रुग्णालयात त्याला मृत घोषित करण्यात आले.

ती दोन मिनिटे मिळाली असती तर अग्वायो वाचला असता का? मानेच्या अगदी वरच्या मणक्यांना इजा झाली की श्वासावरच घाला येतो, त्यामुळे कदाचित नसताही वाचला. पण दुसरा प्रश्न त्याहून मोठा आहे. माणूस निपचित पडला आहे, हे सर्वांत आधी कोणी ओळखायला हवे होते?

खोट्या लढतीतला खरा माणूस

आखाड्यातल्या कुस्तीत पंच गुण मोजतो, चूक दाखवतो, चितपट झाल्याची शिटी वाजवतो. ऑलिंपिक पद्धतीच्या कुस्तीत मॅटजवळ डॉक्टर हजर असतो आणि मल्लाच्या जिवाला धोका वाटला तर लढत थांबवायला लावण्याचा अधिकार त्याला असतो. तिथे मल्ल जिंकण्यासाठी लढतात आणि पंच निकाल देतो. सारे सरळ असते.

व्यावसायिक कुस्तीत मात्र निकाल पंच देतच नाही. तो आधीच ठरलेला असतो. मग पंच करतो काय? प्रेक्षकांना दिसणारे त्याचे काम म्हणजे तीन आकडे मोजणे, दमदाटी करणे आणि खलनायकाची लबाडी नेमकी चालू असताना दुसरीकडे पाहत उभे राहणे! त्यामुळे तो बावळट वाटतो. पण या बावळटपणाच्या आड त्याची दुसरी चाकरी चालू असते.

मोठ्या कंपन्यांच्या पंचांच्या कानात छोटा श्रवणयंत्रासारखा फोन बसवलेला असतो. पडद्यामागे बसलेले दिग्दर्शक त्यावरून सूचना देतात : किती वेळ उरला, जाहिरात कधी, शेवट कधी. पंच वाकून मल्लाला दटावल्यासारखे करतो आणि हळूच निरोप पोचवतो. कोणी जोरात आपटला की गुडघ्यावर बसून त्याचा हात हातात घेतो. प्रेक्षकांना वाटते, शुद्धीवर आहे का हे पाहतो आहे. पण तेव्हा मल्लाने पंचाचा हात दाबला, तर त्याचा अर्थ 'मी ठीक आहे' असा होतो. हात दाबला गेला नाही, की पंचाच्या पोटात गोळा येतो.

अशा वेळी पंच उभा राहतो आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन मनगटे एकमेकांवर आडवी ठेवतो. हाताची फुली! या खुणेचा अर्थ असा की, नाटक थांबले आहे, दुखापत खरी आहे, डॉक्टरांना पाठवा.

'लांडगा आला रे' चा धोका

ही खूण करणे वाटते तेवढे सोपे नाही. पहिली अडचण म्हणजे मल्लांचे कसबच मुळी जखमी झाल्याचे सोंग वठवण्याचे. लंगडणे, विव्हळणे, बेशुद्ध पडणे ही त्यांची रोजची कला. चांगला नट आणि खरा जखमी यांतला फरक पंचाला काही सेकंदांत ओळखावा लागतो.

दुसरी अडचण कंपन्यांनीच निर्माण केली. फुलीचा अर्थ चाणाक्ष प्रेक्षकांना कळू लागला, तेव्हा कथानकात रंग भरण्यासाठी खोट्या दुखापतींतही ती खूण वापरली जाऊ लागली. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. धोक्याची घंटा करमणुकीसाठी वाजवली, तर खऱ्या धोक्याच्या वेळी तिच्यावर विश्वास कोण ठेवणार?

तिसरी अडचण खुद्द मल्लांची. लढत अर्धवट सोडणे त्यांना कमीपणाचे वाटते. ३ ऑगस्ट १९९७ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सीत 'समरस्लॅम'च्या कार्यक्रमात ओवेन हार्टचा एक डाव चुकला आणि 'स्टोन कोल्ड' स्टीव्ह ऑस्टिनचे डोके थेट जमिनीवर आदळले. काही काळ त्याच्या हातापायांतले बळच गेले. हार्टने प्रेक्षकांना चिथावत वेळ काढला. ऑस्टिन कसाबसा सरपटत आला, ठरल्याप्रमाणे हार्टला गुंडाळून पाडल्यासारखे केले आणि पंचाने तीन आकडे मोजले. ऑस्टिन जिंकला! प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. पण मानेला मार बसलेल्या माणसाने त्या अवस्थेत केलेली प्रत्येक हालचाल म्हणजे मज्जारज्जूशी खेळलेला जुगार होता. पुढे त्याच्या मानेवर शस्त्रक्रिया झाली आणि २००३ मध्ये त्याने नियमित कुस्ती सोडली.

मल्ल 'मी पूर्ण करतो' म्हणतो, तेव्हा त्याचे ऐकायचे की नाही? इथेच पंचाचा कस लागतो. डोक्याला मार लागलेल्या माणसाला आपण ठीक आहोत की नाही, हे कळेलच असे नसते. त्याच्या वतीने कोणीतरी शहाणे असावे लागते.

पंचाने थांबवले, तरीही...

पंच जागरूक असला म्हणजे प्राण वाचतातच, असेही नाही. १३ जून २००९ रोजी जपानमधील हिरोशिमा येथे मित्सुहारू मिसावा हा जपानी कुस्तीतला दिग्गज मल्ल जोडीच्या लढतीत उतरला होता. वय ४६. 'नोआ' या कंपनीचा तो अध्यक्षही होता. प्रतिस्पर्ध्याने त्याला मागच्या बाजूला उचलून आपटले. हा डाव मिसावाने त्यापूर्वी असंख्य वेळा अंगावर घेतला होता. या वेळी मात्र तो उठला नाही. पंचाने जवळ जाऊन, हलता येते का, असे विचारले. येत नव्हते. पंचाने तत्काळ लढत थांबवली. रिंगमध्येच उपचार सुरू झाले, प्रेक्षक 'मिसावा! मिसावा!' असा घोष करीत होते. पण त्याच रात्री रुग्णालयात त्याचे निधन झाले.

पंचाचे काहीच चुकले नव्हते. पण मिसावाची मान वर्षानुवर्षे मार सोसून कमकुवत झाली होती. म्हणजे थांबण्याचा इशारा त्या रात्रीच्या कितीतरी आधी कोणीतरी द्यायला हवा होता. रिंगमधला पंच शेवटचा पहारेकरी आहे, एकटा पहारेकरी नव्हे.

शेवटचा शब्द कोणाचा?

कधी पंच हात वर करतो, पण त्याच्या शब्दाला किंमत किती, हा प्रश्न उरतो. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट छतावरून दोराने रिंगमध्ये उतरणार होता. दोराची कळ अवेळी सुटली आणि तो सुमारे ७८ फुटांवरून खाली कोसळला. रिंगमध्ये त्या वेळी जिमी कोर्डेरास हे पंच उभे होते. हार्टचा त्यांना ओझरता धक्का लागला, ते थोडक्यात बचावले. ३४ वर्षांचा हार्ट वाचला नाही. मात्र त्याला बाहेर नेल्यानंतर कार्यक्रम पुढे सुरूच राहिला. ज्या रिंगमध्ये तो पडला, तिथेच उरलेल्या लढती झाल्या! पंच लढत थांबवू शकतो. कार्यक्रम थांबवणे मालकांच्या हाती असते. हार्टच्या कुटुंबाने दाखल केलेला दावा पुढे १ कोटी ८० लाख डॉलरवर मिटला.

५ सप्टेंबर २०२० रोजी फ्लोरिडात मॅट हार्डी उंचावरून पडला आणि त्याचे डोके काँक्रीटवर आपटले. ऑब्री एडवर्ड्स या महिला पंचाने हातांची फुली करून लढत थांबवली. डॉक्टरांनी हार्डीला तपासले, होकार दिला आणि लढत पुन्हा सुरू झाली! नंतर रुग्णालयातील तपासणीत गंभीर इजा नसल्याचे सांगण्यात आले. तरीही धडपडत उभ्या राहणाऱ्या हार्डीला पाहून अनेकांनी संताप व्यक्त केला. एकदा शंका आली की लढत संपली, असा नियम का नसावा?

तो नियम पाळला तर काय होते, याचेही उदाहरण आहे. १ मे २०१६ रोजी शिकागोजवळ एन्झो अमोरे याचे डोके दोरावर आदळून तो बाहेर फेकला गेला आणि निश्चल पडला. लढत लगेच थांबवली गेली. निकाल नाही, पुन्हा सुरुवात नाही. त्याला स्ट्रेचरवरून हलवले. मेंदूला धक्का बसल्याचे निदान झाले आणि तो त्याच रात्री रुग्णालयातून घरी परतला. प्रेक्षकांचे पैसे बुडाले नाहीत की कंपनी बुडाली नाही.

आपला संबंध काय?

आपल्याकडे दारासिंग आणि किंगकाँग यांच्या 'फ्रीस्टाइल' कुस्त्यांची आठवण काढणारे आजोबा अजून भेटतात. नव्वदच्या दशकात केबल आली आणि 'डब्ल्यूडब्ल्यूएफ'चे मल्ल दिवाणखान्यात शिरले. पोरे त्यांच्या चित्रांचे पत्ते खेळू लागली, गादीवर एकमेकांना आपटू लागली. आज तेच मल्ल मोबाईलवर आले आहेत. २००७ मध्ये हिमाचल प्रदेशचा दलीपसिंग राणा म्हणजेच 'द ग्रेट खली' जागतिक विजेता झाला आणि २०१५ मध्ये त्याने जालंधरला प्रशिक्षण केंद्रही काढले.

खलीच्या उमेदवारीच्या काळातली एक घटना फारशी कोणाला माहीत नाही. मे २००१ मध्ये कॅलिफोर्नियातील 'ऑल प्रो रेसलिंग' या शाळेत तो शिकत असताना, त्याच्याबरोबर सराव करणारा एक तरुण डोक्यावर पडून मरण पावला. त्या तरुणाच्या डोक्याला आधीही मार लागलेला होता. २००५ मध्ये ज्यूरीने या मृत्यूला शाळेचा बेफिकीरपणा कारणीभूत ठरवला आणि कुटुंबाला १३ लाख डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली. सरावात पंच नसतो. तिथे प्रशिक्षकालाच पंच व्हावे लागते, हा या निकालाचा अर्थ.

आपल्या घरातले मूल तालमीत जात असो, कबड्डी खेळत असो की ज्युदो शिकत असो, पालकांनी फी भरण्यापूर्वी चार प्रश्न जरूर विचारावेत. मार लागला तर खेळ थांबवण्याचा अधिकार कोणाला? डॉक्टर किती वेळात येईल? स्ट्रेचर आहे का आणि कुठे ठेवले आहे? डोक्याला मार लागलेल्या मुलाला पुन्हा कधी खेळू देता? उत्तरे देताना प्रशिक्षक अडखळला, तर काय ते समजावे.

मानेला मार लागला तर

• जखमीला हलवू नका, उठवून बसवू नका, गदागदा हलवून जागे करू नका. आहे त्याच स्थितीत डोके दोन्ही हातांनी स्थिर धरा.

• 'हात दाब', 'पाय हलव' असे सांगा. हातापायांना मुंग्या येणे, बळ नसणे ही धोक्याची लक्षणे आहेत.

• तोंडात पाणी घालू नका.

• १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा आणि 'मानेला मार लागला आहे' हे स्पष्ट सांगा.

• श्वास थांबला असेल तर मात्र मानेची भीती बाळगून बसू नका. छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात आणि भरभर, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्या. मदत येईपर्यंत थांबू नका.

• डोक्याला मार लागलेले मूल 'मी ठीक आहे' म्हणाले तरी त्या दिवशी त्याला पुन्हा मैदानात पाठवू नका, डॉक्टरांना दाखवा.

पुढच्या वेळी मुले टीव्हीसमोर बसून आरडाओरडा करतील, तेव्हा त्यांना मल्लांकडे पाहू द्या. पण एकदा त्या पट्ट्यांच्या शर्टवाल्याकडेही बोट दाखवा. पडलेल्याचा हात तो हातात घेतो, तेव्हा ते नाटक नसते, एवढे सांगा. जिंकणारा कोण हे ठरवणे त्याच्या हाती नाही. पण रिंगमध्ये उतरलेला माणूस घरी परत जाईल की नाही, हे मात्र कधी कधी त्याच्याच हाती असते.