एका टाकीत शंभर फेऱ्या

10 एप्रिल 1938, रविवार. जर्मनीत आणि ऑस्ट्रियात त्या दिवशी मतदान चालू होतं. महिन्याभरापूर्वी जर्मन फौजा ऑस्ट्रियात शिरल्या होत्या. जे होऊन गेलं होतं, त्यावर आता लोकांकडून होकाराचा शिक्का मारून घेतला जात होता. त्याच दिवशी फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, पिरिनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या पो या गावात ग्रां प्री मोटारशर्यत होती. मर्सिडीजची नवी डब्ल्यू 154 तिथे पहिल्यांदाच शर्यतीत उतरली. तिच्याशी सामना होता पॅरिसच्या दलाय कंपनीच्या गाडीचा. मालट्रक आणि आगीचे बंब बनवणं हेसुद्धा या कंपनीचं नेहमीचं काम होतं. या गाडीचा चालक रेने ड्रेफस नीसचा होता आणि त्याचे वडील ज्यू होते.

ही शर्यत ड्रेफसने जिंकली. लहानाने थोराला लोळवल्याची गोष्ट म्हणून ती आजवर अनेकदा सांगितली गेली आहे, आणि त्या सांगण्यात नशिबाला फार मोठा वाटा मिळतो. मला तो मान्य नाही. हा विजय हिशेबाने मिळवलेला होता, आणि त्या हिशेबाची सुरुवात आठ वर्षं आधी झाली होती.

मोनाकोच्या रस्त्यांवर 1930 साली ड्रेफसकडे बुगाटी होती, पण ती कंपनीच्या संघाची नव्हती. कंपनीची गाडी लुई शिराँ चालवत होता, आणि मोनाको तर त्याचं घरच. शंभर फेऱ्यांच्या त्या शर्यतीत इंधन भरायला थांबणं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. ड्रेफसने आपल्या गाडीत जादा टाकी बसवून घेतली. वजन वाढलं, पण थांबा वाचला. शिराँ इंधनासाठी थांबला, ड्रेफस पुढे निघून गेला आणि 22 सेकंदांनी जिंकला. शहरी रस्त्यावर नुसत्या ताकदीचा उपयोग किती थोडा, हे त्याला त्या दिवशी नीट कळलं असणार.

1938 साली ग्रां प्रीचे नियम बदलले. सुपरचार्जर लावायचा तर इंजिन 3 लिटरपर्यंत, न लावता 4.5 लिटरपर्यंत. सुपरचार्जर हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतो. हवा जास्त तसं इंधनही जास्त, आणि जोरही जास्त. मर्सिडीजने हा मार्ग घेतला आणि चारशेहून जास्त अश्वशक्ती मिळवली. दलायने सुपरचार्जर न लावता 4.5 लिटरचं बारा सिलिंडरांचं इंजिन बनवलं. त्याची ताकद मर्सिडीजच्या निम्म्याच्या आसपास होती. पण मर्सिडीजची भूक भयंकर होती. तिच्या मेथॅनॉलमिश्रित इंधनाच्या एका लिटरात धड किलोमीटरभरही अंतर कापलं जात नसे.

ही दलाय गाडी उभी राहिली ती ल्यूसी ओ'रायली शेल या बाईमुळे. आयरिश वंशाच्या अमेरिकन उद्योजकाची ही मुलगी. ती फ्रान्समध्येच राहिली आणि स्वतः उत्तम रॅलीचालक होती. 1936 च्या मॉन्टे कार्लो रॅलीत ती नवरा लॉरी याच्यासोबत दलाय घेऊन दुसरी आली होती. पुढे तिने स्वतःच्या पैशावर ग्रां प्रीचा संघच काढला. त्या काळात एका बाईने हे करणं म्हणजे काय, याची कल्पना करावी. जर्मन संघांच्या मागे सरकारी अनुदान आणि प्रचारयंत्रणा होती. ल्यूसीच्या मागे वडिलांची इस्टेट आणि तिची जिद्द, बस्स. या जिद्दीची दखल मोटारशर्यतींच्या इतिहासाने उशिरा घेतली, याचं मला वाईट वाटतं.

ड्रेफसची त्या वर्षांतली स्थितीही समजून घेतली पाहिजे. 1933 नंतर युरोपातल्या सर्वांत वेगवान गाड्या जर्मन संघांकडे होत्या, आणि ड्रेफस या ज्यू आडनावाच्या माणसाला तिथे जागा मिळणं शक्यच नव्हतं. ऐन उमेदीत तो कडेला पडू लागला होता. ल्यूसीने त्याला हाताशी धरलं. फ्रान्समध्ये फ्रेंच गाडीसाठी दहा लाख फ्रँकचं बक्षीस लावलं गेलं होतं. 27 ऑगस्ट 1937 रोजी पॅरिसजवळच्या माँलेरीच्या ट्रॅकवर ड्रेफसने हीच दलाय घेऊन 200 किलोमीटर अंतर ठरलेल्या वेगापेक्षा किंचित जास्त वेगाने कापलं. फरक काही सेकंदांचाच, पण बक्षीस दलायला मिळालं आणि त्याच्याच मागे असलेल्या बुगाटीच्या हातून गेलं.

आता पोचा रस्ता. एक फेरी 2.769 किलोमीटरची. गावातले नेहमीचे रस्ते, रेल्वे स्टेशनजवळचं वळण, तिथून वर चढणारी वाट, बोमाँ उद्यानाचा परिसर, आणि गाडी जवळजवळ उलटी फिरवावी लागते अशी वळणं. सरळ रस्ता म्हणाल तर गिअर वर नेईपर्यंत संपतो. मर्सिडीजचा चालक रुडोल्फ कारात्सिओला याने अडीच महिन्यांपूर्वी, फ्रँकफर्ट-डार्मश्टाट महामार्गावर, ताशी 432 किलोमीटरहून जास्त वेगाचा विक्रम केला होता. पोमध्ये विजेत्याचा सरासरी वेग होता ताशी 88 किलोमीटर. मर्सिडीजची प्रचंड ताकद या रस्त्यावर मागची चाकं जागीच गरगरवण्यात वाया जात होती.

शर्यत सुरू होण्याआधीच दोन मोठे बदल घडले. ताझिओ नुवोलारीच्या अल्फा रोमिओला आग लागली आणि तो शर्यतीतून बाहेर पडला. मर्सिडीजच्या दोन गाड्यांपैकी हेरमान लांगची गाडी बिघडली, म्हणून एकटी कारात्सिओलाची गाडी उतरली. शर्यत सुरू होताच कारात्सिओला पुढे गेला, पण ड्रेफसने त्याला सुटू दिलं नाही. वळणावळणाला दलाय मर्सिडीजच्या पाठीशी येऊन भिडे. एवढी ताकद हाताशी असून कारात्सिओलाला अंतर वाढवता येईना. इथेच शर्यतीचा निकाल लागला असं मी मानतो, कारण थांबा कोणाला घ्यावा लागणार आहे हे ड्रेफस जाणून होता.

निम्मं अंतर झाल्यावर मर्सिडीज इंधनासाठी पिटमध्ये आली. 1933 साली मोनाकोच्या सरावात कारात्सिओलाच्या मांडीचं हाड मोडलं होतं आणि तो पाय कायमचा आखूड झाला होता. सततच्या क्लच-ब्रेकने तो ठणकत होता. त्याने गाडी लांगच्या हाती दिली. लांग निर्विवाद वेगवान, पण गेलेला वेळ या रस्त्यावर भरून काढायला जागाच नव्हती. ड्रेफस थांबलाच नाही. शंभर फेऱ्या, सुमारे 277 किलोमीटर, तीन तास नऊ मिनिटं, एकाच टाकीत. मर्सिडीज जवळजवळ दोन मिनिटं मागे राहिली. ल्यूसीची दुसरी दलाय चालवणारा जानफ्रांको कोमोत्ती तिसरा आला.

या विजयाने जर्मन वर्चस्व मोडलं, असं मात्र म्हणता येणार नाही. पुढच्याच महिन्यात त्रिपोलीच्या लांबलचक, वेगवान मार्गावर मर्सिडीजने पहिले तिन्ही क्रमांक घेतले, आणि जुलैत रँसला फ्रेंच ग्रां प्रीमध्येही तेच घडलं. 1939 साली पोमध्येही लांग पहिला आला. पण पहिल्या शर्यतीतच या नव्या गाडीला हरवलं होतं, ते सरकारी पाठबळ नसलेल्या एका बाईच्या संघाने, आणि तेसुद्धा ऑस्ट्रियात मतपेट्या भरत असताना. या गोष्टीचं मोल मला नंतरच्या निकालांनी कमी झालेलं वाटत नाही.

ऑक्टोबर 1939 मध्ये लॉरी शेल रस्त्यावरच्या अपघातात गेला. युद्ध पेटलेलं होतं. तरी ल्यूसीने 1940 च्या इंडियानापोलिस शर्यतीसाठी दोन मासेराती अमेरिकेला नेल्या. ड्रेफस सोबत होता. तो तिकडे असतानाच फ्रान्स पडला आणि त्याला परत जाता येईना. तो अमेरिकन सैन्यात भरती झाला आणि इटलीच्या आघाडीवर गेला. युद्धानंतर न्यूयॉर्कमध्ये त्याने भावासोबत रेस्टॉरंट चालवलं. मोटारशर्यतीतली माणसं तिथे हमखास जेवायला येत. 1993 साली तो वारला. ल्यूसीचा मुलगा हॅरी शेल युद्धानंतर फॉर्म्युला वनमध्ये उतरला.