खजुराच्या मुलखाकडे

रमजानच्या सुमारास पुण्याच्या मार्केट यार्डात इराण, इराक, सौदी अरेबिया इत्यादी देशांतील खजुराची आवक वाढते. परंतु त्या खजुराच्या मुलखाचे प्राचीन वैभव पाहावयाचे, तर मराठी प्रवाशांच्या मेळ्याने जॉर्डनमधील पेट्रा गाठावे. सुमारे सव्वा किलोमीटर लांबीच्या अरुंद घळीतून चालत गेल्यावर, गुलाबी वालुकाश्मात वरून खाली कोरीत आणलेले अल्-खझ्ने हे भव्य शिल्प दृष्टीस पडते, तेव्हा वेरूळच्या कैलासाचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. धूप आणि ऊद यांच्या व्यापारावर संपन्न झालेल्या नबातियन लोकांनी पाट, मातीचे नळ व टाकी यांच्या योगे पर्जन्याचा थेंबन् थेंब साठवून या रुक्ष प्रदेशात नगर वसविले. इसवी सन 106 मध्ये त्यांचे राज्य रोमच्या अमलाखाली गेले. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पेट्राप्रमाणेच पैठण आणि तेर यांचाही उल्लेख आहे.

पुढे जॉर्डनमधीलच वादी रमच्या मरुभूमीत दिवसा ऊन प्रखर आणि रात्री थंडी कडक, म्हणून मार्च-एप्रिल अथवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हाच हंगाम साधावा आणि मेळ्यात वृद्ध असतील, तर पेट्रास एक दिवस अधिक राखून ठेवावा.